देवाने सोडलेला माणूस

शेजारच्या घरात दिवा लागायच्या आधी हाक ऐकू येते. "सोडतोय हां!" असं एक माणूस खड्या आवाजात म्हणतो, थोडा वेळ थांबतो आणि मग बटण दाबतो. पंखा असो, मिक्सर असो, मोरीतला दिवा असो, हाक चुकत नाही. मी बेळगावच्या अनगोळात राहायला आले त्या पहिल्या आठवड्यात मला वाटलं, घरात कुणी आंधळं म्हातारं माणूस असेल, त्याला सांगून-सवरून सगळं करावं लागत असेल. नंतर कळलं की घरात दुसरं कुणी नसलं तरी तो हाक देतो, आणि हाक दिल्यावर कान देऊन ऐकत उभा राहतो.

हा भीमरत्न कांबळे. वय चौसष्ट. वीज कंपनीच्या सबस्टेशनमध्ये ऑपरेटर होता. आधी निपाणीच्या बाजूला, मग बेळगावात, आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. बायको मंगल, मुलगी पारमिता हुबळीला डॉक्टर. अंगाने किडकिडीत, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावणारा, कुणी हसलं तरी रागवत नाही असा. मला तो 'बाई' म्हणतो, कारण मी चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं आणि शिकवायची खोड अजून गेलेली नाही. माझी जीभ तिखट आहे. वाद घातल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही, आणि वादात हरले की दोन दिवस मी कुणाशी धड बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण या गोष्टीत मी हरले आहे.

भीमरत्नच्या खिशात कायम एक छोटी वही असते. फोन आला की बोलणं चालू असतानाच तो लिहून घेतो: कुणाचा, किती वाजता, काय म्हणाला. एकदा माझा फोन लागेना म्हणून जांबोटीहून माझ्या भावाने, गुंडूने, त्याला फोन केला. हा गृहस्थ डोक्याला साबण तसाच ठेवून, कमरेला टॉवेल गुंडाळून कंपाउंडच्या भिंतीशी हजर. हातात ओली चिठ्ठी. "दहा वाजून सात मिनटं. गुंडू. आईच्या गोळ्या संपल्या." मी हसून हसून बेजार झाले.

"अहो अण्णा, अंग तरी धुऊन यायचं की!"

"धुवून येईस्तवर इसरलो असतो तर, बाई?" तो म्हणाला. त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

असा हा माणूस मी माझ्या वादासाठी वापरला. गुंडू देवभोळा आहे. जांबोटीला पावसात वाट बंद झाली तरी डोंगरावरच्या देवाला नारळ पोचवणारा. तो आला की आमचं ठरलेलं भांडण होतं. "देवाचं भ्या नसंल तर माणूस सरळ कशाला वागंल गं आक्का? चूक केली की आतनं टोचतंय, त्ये टोचणारा कोण? देवच की!" हे त्याचं म्हणणं. मी देव मानत नाही. एका सकाळी मी त्याला खिडकीतून शेजारचं अंगण दाखवलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हटलं, "तो बघ. त्याच्या घरात देव नाही. त्याचे वडील सत्याप्पा, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. बौद्ध झाले, त्या दिवशी घरातले सगळे देव टोपलीत घालून वेदगंगेत सोडून आले. पोराला सांगितलं, देवाला भ्यायचं न्हाय, जाब द्यायचा तो माणसाला. आता सांग, ह्या गल्लीत त्याच्याइतका सरळ माणूस कोण आहे? तुझे नारळ फोडणारे?"

मी जिंकले. भीमरत्न तेव्हा झाडांना पाणी घालत होता. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो पाइप हातात धरून तसाच उभा राहिला. पाणी एकाच कुंडीत पडत होतं, माती भरभरून बाहेर वाहत होती आणि त्याचं लक्ष नव्हतं.

मंगलने मला एकदा निराळंच सांगितलं होतं. रोज सकाळी ते दोघं तसबिरीपुढे बसून पंचशील म्हणतात. चौथ्या शीलाशी, म्हणजे खोटं न बोलण्याचं जे शील आहे तिथे, भीमरत्नचा आवाज बंद होतो. तेवढं ती एकटी म्हणते. पाचव्याला तो परत सुरू करतो. "चौदा वर्सं झाली, बाई. इचारलं तर म्हणत्यात, दम लागतोय. चौथ्यालाच कसा लागतोय ओ दम?" मी तेव्हा काहीतरी थट्टेवारी बोलून गेले. मला शरम वाटते आता.

दर वर्षी भुईमूग निघाला की निपाणीकडून एक म्हातारी त्याच्याकडे यायची. मालुबाई तिचं नाव. पाठीला बाक, कपाळाला हळदीचा मोठा टिळा, डोक्यावर शेंगांचं गाठोडं. दोन एसट्या बदलून यायची, तासभर बसायची आणि परत जायची. ती आली की भीमरत्न दिवसभर जेवत नसे, हेही मला मंगलकडूनच कळलेलं. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार तेवीसच्या दिवाळीआधी, ती आली तेव्हा भीमरत्न दवाखान्यात गेला होता आणि मंगलने मला सोबतीला बोलावलं. मालुबाई सोप्यात बसून बशीतला चहा पीत होती. मी तिला विचारलं, "तुमचं ह्यांचं नातं काय, आक्का?"

"नातं कशाचं, बाई. माझं पाप हाय," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. लपवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतंच.

तिचा मुलगा भरमा लाइनमन होता. कंत्राटी, सव्वीस वर्षांचा. लाइनचं काम म्हणजे खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला विचारायचं. तिथला ऑपरेटर त्या भागाची लाइन बंद करतो, रजिस्टरात लिहितो आणि 'चढ' म्हणतो. याला ते लोक 'लाइन क्लिअर' घेणं म्हणतात. काम संपल्यावर ज्याने घेतलं त्यानेच परत कळवायचं, मगच ऑपरेटर लाइन सोडतो, म्हणजे वीज परत चालू करतो. दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात भर दुपारी भरमा शेतातल्या खांबावर होता आणि लाइन सुटली. ऑपरेटर भीमरत्न होता. रजिस्टरात भरमाच्या नावाची ओळ नव्हती. चौकशी झाली, निकाल लागला: भरमा न विचारताच चढला, चूक त्याचीच.

"मला पटंना," मालुबाई म्हणाली. "माझा भरमा चूल पेटवायची तरी इचारायचा, आई पेटवू का म्हणून. मी म्हटलं, ऑपरेटर खोटं बोलतोय. त्येनं बिरदेवाचा भंडारा उचलू दे."

भंडारा उचलणं म्हणजे काय ते आमच्या भागात सांगावं लागत नाही, तरी सांगते. देवापुढची हळद तळहातावर घेऊन शपथ घ्यायची. खोटी घेतली तर वर्षाच्या आत देव घराचं वाटोळं करतो, अशी समजूत. कोर्टात खोटं बोलणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. भंडारा हातात घेऊन खोटं बोलणारं कुणी पाहिलं नव्हतं. गावाने भीमरत्नला बोलावलं. तो गेला. भंडारा उचलला आणि म्हणाला, भरमाने माझ्याकडे लाइन क्लिअर मागितलं नाही.

"मग मी वरीसभर वाट बघितली," मालुबाई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. रोज वाटायचं, आज कळंल, उद्या कळंल, ह्येच्या घरावर काय तर आलं म्हणून. काय सुद्धा आलं न्हाय. उलट पोरगी डॉक्टरीला लागली. तवा मला कळलं, ह्यो खरा माणूस. देवानं सोडलं त्येला. चूक माझ्याच पोराची व्हती, आणि मी ह्येचं वाईट चिंतत बसल्ये. त्येचं म्हणून ह्या शेंगा." पहिल्या वर्षी ती पायरीवरच बसली होती, आपल्या तांब्यातलं पाणी प्यायली होती. पुढच्या वर्षी आत आली आणि चहा मागून घेतला. "खरं बोलणाऱ्याच्या घरात इटाळ कसला ओ?" तिने मला विचारलं. मंगल मान खाली घालून शेंगा निवडत होती.

या खेपेला मात्र मालुबाई नुसत्या शेंगा घेऊन आली नव्हती. तिला आता दिसेनासं झालं होतं, पुढच्या वर्षी येणं होईल असं तिला वाटत नव्हतं. दिवाळीनंतर बिरदेवाची जत्रा. देवाला ती पितळेची समई देणार होती, खऱ्या माणसावर आळ घेतल्याचं प्रायश्चित्त म्हणून, आणि ती भीमरत्नने स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवायची होती. "त्येला सांगा, नगं म्हणू नगं म्हणावं," असं म्हणून ती उठली.

खरं सांगते, मला आनंद झाला. देवच जर ह्या देव न मानणाऱ्या माणसाला खरा म्हणत असेल तर गुंडूची काय बिशाद! दुसऱ्या दिवशी सकाळी भीमरत्न आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला तसं म्हणूनही दाखवलं. "अण्णा, तुम्हाला तर खुद्द बिरदेवाने सर्टिफिकेट दिलंय!"

तो बसला नाही. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला. "बाई, तुमच्या भावापुढं माझं नाव काढत जाऊ नका. सरळ माणूस म्हणून."

"का हो?"

"भरमाचा फोन आलता," तो म्हणाला.

मी स्वयंपाकघरातला गॅस बंद केला आणि बाहेर येऊन बसले. तो उभ्यानेच बोलत राहिला. त्या दुपारी त्या फीडरवर, म्हणजे त्या भागाच्या लाइनवर, दोन माणसं कामाला होती. एका टोकाला शामू म्हणून एक लाइनमन. त्याचं लाइन क्लिअर भीमरत्नने रजिस्टरात लिहिलं होतं. लाइन आधीच बंद होती. मग दुसऱ्या टोकावरून भरमाचा फोन आला. भीमरत्न डबा खात होता. उजवा हात आमटीत, डाव्या हातात फोन. आमटीच्या हाताने लिहायचं तर रजिस्टर खराब होणार. तो भरमाला 'चढ' म्हणाला आणि ठरवलं, हात धुतला की लिहू. भाकरी संपली, हात धुतला आणि हाताबरोबर ते डोक्यातूनही धुऊन गेलं. थोड्या वेळाने शामूचा फोन आला, काम झालं, लाइन सोडा. रजिस्टरात एकच ओळ होती, ती त्याने पुरी केली आणि लाइन सोडली.

"आवाज येत न्हाय बगा. आमच्याकडं कायच आवाज येत न्हाय. मीटरचा काटा जरा हलला, आणि ब्रेकर आपोआप पडला. मी म्हटलं, तारेला फांदी लागली असंल."

चौकशीला आलेल्या साहेबाने त्याला बाजूला घेतलं होतं. रजिस्टरात नाही म्हणजे झालंच नाही, फोन कशासाठी आला ते तूच सांगणार, असं म्हणाला. गेलेला परत येतो का, राहू दे. पारमिता तेव्हा बारावीला होती. भीमरत्नने सांगितलं, लाइन कधी येणार विचारायला फोन होता. एकदा सांगितल्यावर ते बदलता येईना. आणि गावाने भंडाऱ्याचं काढलं तेव्हा तर त्याला हायसं वाटलं. हळद ती हळद. वडिलांनी देव नदीत सोडले होते, तो कशाला भितोय? भिणारा माणूस अडकला असता. "माझ्या बापानं मला भ्यायचं न्हाय म्हणून शिकवलं आणि मी त्येचा असा उपेग केला, बाई."

पुढचं तर त्याहून वाईट. वीज कंपनीत सुरक्षा सप्ताह असतो, नव्या पोरांना काय करू नये ते सांगतात. दर वर्षी साहेब भरमाची गोष्ट सांगायचे: एक भरमा होता, विचारल्याशिवाय चढला. भीमरत्न व्यासपीठावर बसलेला असायचा, पोरं टाळ्या वाजवायची. भरमाच्या गावात आता कुणी धसमुसळेपणा केला की म्हणतात, 'भरम्या झालायस का रं?'

मला राग आला होता, त्याच्यावर आणि जास्त करून माझ्यावर. मी ज्याला चांगुलपणाचा पुरावा म्हणून खिडकीतून दाखवत होते, तो माणूस माझ्या दाराची चौकट धरून उभा होता. मी म्हटलं, "अण्णा, हे जे टोचतंय ते तुमचं मन आहे. दुसरं काही नाही."

"माझं मन असतं तर माझी बाजू घेतली असती की," तो म्हणाला. "माझंच डोकं, माझंच पोट, सगळी माझी बाजू घेत्यात. भूक लागली तर पोट म्हणत न्हाय तू चोर हायस म्हणून. ह्यो एकच आतला कोण हाय, त्यो तिकडच्या बाजूनं बोलतोय. भरमाच्या बाजूनं. त्यो माझा कसा?"

"मग देव आहे म्हणता?"

"देवानं तर सोडलं की मला! वरीसभर वाट बघितली मी पण. मालुआक्का बघत व्हती तशीच. पारमिताला साधा ताप आला तरी मी रातभर बसायचो, आलं आता म्हणायचो. ताप उतरायचा. तिचा निकाल लागला तवा मी सबस्टेशनच्या मागं जाऊन रडलो. सगळे म्हणाले, आनंदानं रडतोय." त्याने चौकटीवरचा हात काढला. "देव न्हाय म्हणावं तर मला रोज इचारतोय कोण? आणि देव हाय म्हणावं, तर त्येनं मला इचारलं कसं न्हाय?"

मी विचारलं, "आणि ती हाक? बटण दाबायच्या आधी?"

"पहिल्यांदा सवय म्हणून देत व्हतो. आता वाटतंय, एक दिवस आतनं कोण तर म्हणंल, थांबा अण्णा, मी अजून वर हाय." तो गेल्यावर मी घरातली सगळी बटणं बघत बसले, एकाला हात लावला नाही. दुपारपर्यंत पंख्याशिवाय उकडून निघाले.

जत्रेला तीन आठवडे होते. रोज सकाळी तो भिंतीशी यायचा आणि तेच बोलायचा. खरं सांगितलं तर मालुबाईचा देव जातो. ज्या देवाच्या आधारावर ती चौदा वर्षं जगली, त्याच्यापुढे खोटं चालून गेलं हे तिला कळणार. नाही सांगितलं तर तिचा मुलगा जातो, कायमचा, बेफिकीर म्हणून. "माझ्या हातात दोन बटणं हायत, बाई, आणि दोन्ही फीडरवर तीच म्हातारी हाय."

आणि मी त्याला काय सल्ला दिला? मी म्हटलं, सांगू नका. म्हातारी थकली आहे, दिसत नाही तिला, तिचा देव तिच्याजवळ असू दे, आता कशाला उकरायचं, राहू दे. मला ते अगदी माणुसकीचं वाटत होतं. भीमरत्नने माझ्याकडे बघितलं. "साहेब पण हेच म्हणालेला," तो म्हणाला. त्यानंतर दोन दिवस मी भिंतीकडे गेले नाही.

जत्रेच्या दिवशी मीही त्याच्याबरोबर निघाले. मंगल आली नाही. तिला त्याने आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं आणि ती आतल्या खोलीत पडून होती. निपाणीपर्यंत एसटीने गेलो. पुढे वडापच्या जीपने. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उसात खांब होते. खांब आला की तो वर बघायचा, म्हणजे सगळ्या वाटेत वरच बघत होता.

देऊळ माळावर. भंडारा इतका उधळलेला की पायऱ्या, माणसं, शेळ्या, उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचा, सगळं पिवळं. ढोल वाजत होते. मंडपाच्या खांबाला माईक बांधला होता आणि त्यावरून देणगी देणाऱ्यांची नावं सांगत होते. मालुबाई नवं लुगडं नेसून गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी बसली होती, मांडीवर समई. तिने चाचपून भीमरत्नचा हात धरला आणि पुजाऱ्याला सांगितलं, "ह्योच. ह्येच्या हातनं ठेवायची."

पुजाऱ्याने रिवाजाप्रमाणे भीमरत्नच्या तळहातावर भंडाऱ्याची चिमूट ठेवली. भीमरत्न त्या हळदीकडे बघत राहिला. मला वाटलं, नाही सांगणार. मनातल्या मनात मी 'नको सांगू' असंही म्हटलं, कबूल करते.

"आक्का," तो म्हणाला, "ह्यो भंडारा मी खोटा उचलला व्हता. भरमानं फोन केलता. लाइन क्लिअर मागितलं, मी दिलं. लिवायचं इसरलो. लाइन मीच सोडली."

ढोल चालूच होते. मालुबाईला ऐकू आलं की नाही कळेना. मग तिने मांडीवरची समई हळूच खाली फरशीवर ठेवली.

"माझ्या भरमानं इचारलं व्हतं?"

"व्हय, आक्का."

"आणि मग चढला?"

"मी चढ म्हटल्यावर चढला."

ती गाभाऱ्याकडे तोंड करून बसली. तिला आतली मूर्ती दिसत नव्हती, मला ठाऊक आहे, पण ती डोळे रोखून बघत होती. तिच्या ओठांची हालचाल होत होती. प्रार्थना नव्हती ती, कुणाशी तरी भांडताना होते तशी होती. भीमरत्न तिच्या पायाशी वाकला तशी तिने पाय मागे ओढून घेतले. "तुझं राहू दे," ती म्हणाली. "ह्येच्याशी बोलत्ये मी. चौदा वर्सं ह्यो काय करत व्हता, त्येचं त्येला इचारते."

पुजारी वयस्कर, शहाणा माणूस. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आक्का, झालं त्ये झालं. ह्या माणसाला जाऊ दे. हे भाईर बोलू नगंस. पाच गावचे तंटे अजून ह्या भंडाऱ्यावर मिटत्यात. खोटा उचलला तरी काय हुईत न्हाय असं लोकास्नी कळलं, तर देवाचं नाव जाईल."

"जाऊ दे की," मालुबाई म्हणाली. "चौदा वर्सं माझ्या भरमाचं गेलंय." ती उठायला लागली. मी हात द्यायला पुढे झाले, तो तिने घेतला नाही. भीमरत्नचं मनगट पकडून ती उठली आणि त्याला ओढत माईकपाशी घेऊन गेली. नावं सांगणारा माणूस बाजूला झाला. त्याला वाटलं, समईची देणगी सांगायची असेल.

भीमरत्नने माईक धरला. ढोल थांबले. दोन-चारशे माणसं वळून बघायला लागली. त्याने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, कुठल्या साली कुठल्या सबस्टेशनला होतो ते सांगितलं. भंडारा खोटा उचलला हेही सांगितलं. गर्दीत गलका झाला, कुणीतरी शिवी दिली, दोन तरणे गडी पुढे सरकले. तो थांबला नाही. चौदा वर्षं झोप नाही, आतून कुणीतरी विचारतं, जेवण जात नाही, खोटं न बोलण्याचं शील म्हणताना जीभ उचलत नाही, असं सगळं तो रडत रडत सांगायला लागला. मलाही रडू आलं. इतके दिवस भिंतीशी उभं राहून मी त्याच्याशी ह्याच गोष्टी बोलत होते, देव, मन, टोचणी, आणि मला त्या फार मोठ्या वाटत होत्या.

मालुबाईने त्याच्या मनगटाला हिसका दिला. माईक जवळ होता, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्या माळावर ऐकू गेलं.

"तुझं नगं सांगू. माझा भरमा काय म्हणाला, त्येवढंच सांग."

माझ्या लक्षात आलं, हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

भीमरत्नने डोळे पुसले. वही काढली नाही. त्याला ते पाठ होतं.

"त्यो म्हणाला, अण्णा, भरमा बोलतोय. वढ्याकडच्या खांबावर चढतोय. मी सांगितल्याबिगर लाइन सोडू नका." तो अडला. मालुबाईने मनगट सोडलं नाही. "मी म्हटलं, बरं, चढ. तोंडात घास व्हता माझ्या. त्येला कळलं. त्यो म्हणाला, जेवताय न्हवं? जेवा निवांत, अण्णा. मला अजून तासभर लागंल."